उलट, मात्र, नव्हे, छे! इटालियन आणि इंग्रजीत विरोध कसा मांडायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठी मुलांना इटालियन शिकवते. बहुतेक जण इंजिनिअरिंग किंवा डिझाइन उरकून मिलान-तोरिनोला मास्टर्ससाठी निघालेले असतात, कोणी लग्न होऊन निघालेली असते, एखादा नुसत्याच ऑपेराच्या वेडापायी येतो. वह्या मात्र सगळ्यांच्या सारख्या. डावीकडे इटालियन, उजवीकडे इंग्रजी अर्थ. 'मा', 'पेरॉ', 'बेन्सी', 'इन्व्हेचे', 'आन्त्सी' असे पाच शब्द एकाखाली एक लिहिलेले आणि पाचांपुढे एकच अर्थ: 'बट'. ती उजवी बाजू खोडा आणि तिथे मराठी लिहा, असं मी पहिल्याच आठवड्यात सांगते. मग जे प्रश्न येतात ते इथे गोळा केले आहेत.

आधी एक सांगा, हे इटालियन देवनागरीत वाचून उच्चार बरोबर येईल?

इंग्रजीतून वाचण्यापेक्षा बराच बरा येईल. इटालियन त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, इंग्रजीतल्या ट-डच्या जवळ जाणारे नाहीत. जोडाक्षर दिसलं की खरंच जोर द्या: 'नेस्सूनो'मधला स्स 'रस्सी'तल्यासारखा. 'आन्त्सी'मधला त्स म्हणजे आपल्या 'चमचा'तला च, 'चहा'तला नव्हे. हिंदी भाषकाला हा च शिकवावा लागतो, आपल्याला तो घरचा आहे.

'मा' आणि 'पेरॉ' यांत फरक काय?

दोन्ही म्हणजे 'पण'. 'मा' नेहमी वाक्याच्या तोंडाशी येतो. 'पेरॉ' सुरुवातीला, मध्ये, शेवटी, कुठेही बसतो. 'ए ब्वोनो, मा कारो' म्हणजे चांगलं आहे पण महाग. 'ए ब्वोनो. ए कारो, पेरॉ' म्हणजे चांगलं आहे. महाग आहे पण. बोलताना आपणही 'पण' असाच शेवटी टाकतो. इंग्रजीत 'बट' शेवटी टाकून चालत नाही, तिथे 'दो' आणावा लागतो.

या शब्दांची कुळं बघण्यासारखी आहेत. 'पेरॉ' लॅटिनमधल्या 'पेर होक'पासून आला, त्याचा मूळ अर्थ 'म्हणून'. इटालियन महाकवी दान्तेच्या काळात तो 'म्हणून' याच अर्थाने सर्रास वापरत. नकारार्थी वाक्यांत, 'म्हणून काही तसं नाही' अशा वळणांत, तो इतका रुळला की हळूहळू 'पण'कडे झुकला. 'मा' हा 'मागिस'चा वंशज, म्हणजे 'अधिक'. इंग्रजी 'बट' मुळात 'बाहेर' या अर्थाचा. आणि आपला 'पण' संस्कृत 'पुनः'पासून आलेला, म्हणजे 'पुन्हा'. चार शब्द, आणि मुळात एकातही विरोध नाही.

'मा पेरॉ' असं एकत्र म्हटलं तर चूक आहे का?

इटलीतल्या शाळांत बाई अजून लाल शाईने खुणा करतात. पण खुद्द दान्तेने हे दोन शब्द जोडून वापरले आहेत, आणि १५८३ पासून फ्लोरेन्समध्ये भाषेवर पहारा देणारी आक्कादेमिया देल्ला क्रुस्काही त्याला चूक म्हणत नाही. आपण नाही का 'पण तरीही' म्हणत? परीक्षेच्या पेपरात मात्र टाळा. परीक्षकाशी वाद घालायला दान्ते येणार नाही.

'बेन्सी' कधी वापरायचा?

इंग्रजीतून समजवायला घेतलं तर अर्धा तास जातो, मराठीतून एक मिनिट.

'तो गरीब आहे पण प्रामाणिक.' इथे दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. 'तो मराठी नव्हे, तर कोकणी बोलतो.' इथे पहिली खोडली आणि तिच्या जागी दुसरी ठेवली. मराठीत या दुसऱ्या वाक्यात 'पण' घालून बघा, कानाला लगेच खटकेल. हा 'तर' म्हणजे 'बेन्सी'. 'नोन ए रोस्सो, बेन्सी आरान्चोने', म्हणजे लाल नव्हे, तर नारिंगी. आधी नकार असल्याशिवाय 'बेन्सी' येत नाही, जसं 'नव्हे'शिवाय हे 'तर' येत नाही.

इंग्रजीत दोन्हीकडे 'बट'. बोलीभाषेतल्या इटालियनमध्येही दोन्हीकडे 'मा' चालून जातो, 'बेन्सी' लिहिण्यात आणि नेमकेपणाने बोलण्यात भेटतो. जर्मन शिकलेल्यांना 'आबर' आणि 'झोन्डर्न' आठवतील, तोच भेद.

'इन्व्हेचे'चा अर्थ 'इन्स्टेड' ना?

शब्दाची घडण तीच आहे: 'इन व्हेचे' म्हणजे 'च्या जागी', आणि 'इन्स्टेड'मधला 'स्टेड' म्हणजेही जागाच. 'इन्व्हेचे दी पार्लारे, आस्कोल्ता', बोलण्याऐवजी ऐक. इथवर इंग्रजी पुरतं.

पण इटालियन माणूस दिवसातून वीस वेळा 'इन्व्हेचे' म्हणतो तो या अर्थाने नाही. 'ईयो लाव्होरो, लुई इन्व्हेचे दोर्मे.' मी राबतेय, हा मात्र झोपलाय. हा तंतोतंत आपला 'मात्र' आहे. ज्याची तुलना करायची त्याच्या मागे येऊन उभा राहणारा. 'मी इन्स्टेड' असं इंग्रजीत म्हणता येत नाही, म्हणून इंग्रजीतून शिकलेली मुलं हे वाक्य रचतच नाहीत. 'मात्र' लिहून ठेवलेली मुलं तिसऱ्या दिवशी घडाघडा रचतात.

'ए इन्व्हेचे' अशी जोडी आली की अपेक्षाभंग. 'पेन्साव्हो के प्योव्हेस्से, ए इन्व्हेचे चे इल सोले': वाटलं पाऊस पडेल, आणि बघते तर ऊन!

'आन्त्सी' काही केल्या कळत नाही. एका शब्दात अर्थ सांगता येईल?

एका शब्दात नाही, तीन शब्दांत सांगते: उलट, नव्हे, छे.

पहिला. कोणी दारात येऊन विचारतं, 'त्रास तर देत नाहीये ना?' उत्तर: 'नोन मी दिस्तुर्बी, आन्त्सी!' त्रास कसला, उलट... आणि वाक्य तिथेच सोडून द्यायचं. बरंच झालं आलात, हे शब्दांत म्हणायची गरज नाही. आपणही 'अहो, उलट!' म्हणून थांबतो. इंग्रजीत 'ऑन द कॉन्ट्ररी' म्हणून वाक्य असं टांगून ठेवलं तर समोरचा पुढचं ऐकायला थांबेल.

दुसरा. 'ए बेल्लो, आन्त्सी बेल्लीस्सिमो.' सुंदर, नव्हे अतिसुंदर. हा 'नव्हे' नकार देत नाही, पायरी चढवतो. आधीचं खोटं नव्हतं, अपुरं होतं. लेखी मराठीत याच जागी 'किंबहुना' येतो.

तिसरा. 'ची व्हेदियामो आल्ले सेई, आन्त्सी, आल्ले सेत्ते.' सहाला भेटू, छे, सातला. इथे बोलणारा स्वतःलाच दुरुस्त करतो.

इंग्रजीत या तीन कामांना तीन वेगळ्या सोयी आहेत: 'ऑन द कॉन्ट्ररी', 'इन फॅक्ट' आणि 'ऑर रादर'. तिन्ही पाठ करून इटालियन ऐकायला बसलं की प्रत्येक वेळी कुठला लावायचा याचा हिशेब करेपर्यंत समोरचा पुढे निघून जातो. मूळ लॅटिन शब्द 'आन्ते', म्हणजे आधी, पुढे. 'आन्त्सियानो' म्हणजे वयस्क माणूस, तोही याच घरातला. 'याच्याही आधी हे धरा', असा काहीसा भाव मनात ठेवला तर तिन्ही अर्थ एकाच मुळाला लागलेले दिसतात.

माझी एक विद्यार्थिनी तिकडे गेल्यावर तिने पहिला मेसेज पाठवला तो असा: 'ताई, आज बेकरीत म्हटलं, दोन द्या, आन्त्सी, तीन. बाई हसली नाही.' मला तेवढं पुरलं.

'मीका' हा शब्द पुस्तकात सापडत नाही, पण सगळे वापरतात. तो काय आहे?

'मीका' म्हणजे मूळ लॅटिनमध्ये कण, पावाचा चुरा. 'कणभरही नाही' मधला कण. नकाराला जोर द्यायला एखादी बारीकशी वस्तू जोडायची खोड फ्रेंचांनाही आहे: त्यांच्या नकारातला 'पा' म्हणजे मुळात पाऊल. आपल्याकडे काडीचं, तसूभर, तिळमात्र आहेतच.

पण आजच्या इटालियनमध्ये 'मीका' नुसता जोर देत नाही. समोरच्याच्या मनात जे गृहीत आहे ते तो खोडतो. 'नोन सोनो शेमो' म्हणजे मी मूर्ख नाही. 'नोन सोनो मीका शेमो' म्हणजे मी काही मूर्ख नाही. हा 'काही' नीट बघा. 'आज सुट्टी नाही' ही माहिती झाली. 'आज काही सुट्टी नाही' हे तेव्हाच म्हणतो जेव्हा कोणीतरी नऊ वाजेपर्यंत अंथरुणात लोळत पडलेलं असतं. मीका आणि हा काही, दोघांचं काम एकच. इंग्रजीत यासाठी शब्दच नाही, आवाजाच्या चढउतारावर भागवावं लागतं.

प्रश्नात आला की तोच शब्द नम्र होतो. 'नोन आई मीका ऊना पेन्ना?' म्हणजे तुझ्याकडे पेन नसेल ना एखादं? नकार देऊन मागायची ही रीत आपल्या अंगवळणी आहे. आणि 'मीका माले' म्हणजे वाईट नाही. एखाद्या इटालियन आजीने तुमचा पुलाव खाऊन 'मीका माले' म्हटलं तर ती नावं ठेवत नाहीये, खूश व्हा.

एका वाक्यात दोन-तीन नकार आले तर ते एकमेकांना खोडत नाहीत का?

इटालियनमध्ये नाहीत. 'नोन ओ माई देत्तो निएन्ते आ नेस्सूनो.' शब्दशः: नाही, कधीच नाही, काहीच नाही, कोणालाच नाही. अर्थ: मी कधीच कोणालाच काहीच सांगितलं नाही. आपले तीन 'च' आणि शेवटचा 'नाही' मोजा. इंग्रजीत 'नेव्हर' एकदा आला की पुढे 'एनीथिंग' आणि 'एनीवन' आणावे लागतात, कारण तिथे दोन नकारांचा होकार होतो असं शिकवतात. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसर निर्धास्तपणे नकारावर नकार रचत होता. पुढे अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी गणिताचा नियम भाषेला लावला आणि तो प्रमाण इंग्रजीत पक्का बसला. बोलीभाषांनी तो अजून मानलेला नाही.

एक अट लक्षात ठेवा. नकारी शब्द क्रियापदाच्या आधी आला तर 'नोन' गळतो. 'नेस्सूनो ए व्हेनूतो', कोणीच आलं नाही. इथे आपण 'नाही' ठेवतो, ते ठेवत नाहीत. मराठीच्या भरवशावर राहू नका अशी ही एक जागा.

आणि बंद दारावर टकटक करून 'चे नेस्सूनो?' असं विचारतात. शब्दशः 'कोणीच नाही का?', अर्थ 'कोणी आहे का?'

'टिल आय डोन्ट कम' हे इंग्रजीत चूक आहे, मग इटालियनमध्ये बरोबर कसं?

कारण इटालियन इथे आपल्या बाजूला आहे. मराठी: मी येत नाही तोवर थांब. इटालियन: 'आस्पेत्ता फिन्के नोन आर्रीव्हो.' तोच 'नाही', त्याच कामाला. इंग्रजीत 'अन्टिल आय कम', तिथे नकाराला जागा नाही. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या 'टिल आय डोन्ट कम' म्हणून इंग्रजीच्या तासाला ओरडा खात आल्या. इटालियनच्या तासाला हीच चूक केली की शाबासकी.

'अनलेस'चंही तसंच. 'आ मेनो के नोन प्योव्हा', पाऊस आला नाही तर. इंग्रजीत 'अनलेस'च्या पोटात नकार आधीच आहे, त्यात आणखी एक घातला की अर्थ उलटतो. आणि 'पेर पोको नोन कादेव्हो', म्हणजे पडलो नाही एवढंच. या तिन्ही वाक्यांतला 'नोन' इंग्रजीत भाषांतर करताना हरवतो, मराठीत करताना जागचा हलत नाही.

नकारार्थी प्रश्नाला 'सी' म्हणायचं की 'नो'?

यावर मी स्वतः जेवण गमावलेलं आहे. बोलोन्यात पहिल्यांदा गेले तेव्हा एका घरी खोली घेतली होती. घरमालकीणबाईंनी विचारलं, 'नोन मांजी ला कार्ने?' मांस खात नाहीस का? मी आनंदाने 'सी' म्हटलं. माझ्या डोक्यात वाक्य होतं: हो, नाही खात. त्यांनी ऐकलं: खाते. रात्री ताटात मांसाच्या रागूचे थर दिलेला लाझान्या, वाफाळता, आणि बाई समोर हात पुसत उभ्या. मी पावाबरोबर सॅलड खाल्लं आणि झोपले.

मराठीत आपण प्रश्नातल्या म्हणण्याला हो-नाही करतो: 'येत नाहीस?' 'हो, नाही येत.' इटालियन आणि इंग्रजीत उत्तर वस्तुस्थितीला द्यायचं असतं. येत नसाल तर 'नो', येत असाल तर 'सी'. 'येस, आय अॅम नॉट कमिंग' हे भारतीय इंग्रजीत खपतं, लंडनमध्ये समोरच्याच्या कपाळावर आठी उमटते.

गंमत म्हणजे इंग्रजीत पूर्वी याची चोख व्यवस्था होती. साध्या प्रश्नाला 'ये' आणि 'ने', नकारी प्रश्नाला 'येस' आणि 'नो'. म्हणजे 'येस' हा मुळात विरोधाचाच शब्द, 'नाही कसं? आहे!' असं सांगणारा. सोळाव्या शतकात ही घडी विस्कटली, आणि इंग्रज विचारवंत थॉमस मोरने तेव्हा बायबलचा भाषांतरकार टिंडेल याला यावरूनच फटकारलं होतं. फ्रेंचांनी 'सी' आणि जर्मनांनी 'डोख' अजून या कामासाठी राखून ठेवलेत.

इटालियनमध्ये असा वेगळा शब्द नाही, पण तोड आहे. 'नोन व्हिएनी?' 'सी के व्हेन्गो!' येत नाहीस? येतो की! हा 'के' आणि आपला 'की' कानाला इतके सारखे लागतात की वर्गात हमखास हशा होतो. योगायोग समजा आणि लक्षात ठेवा. 'ए इन्व्हेचे सी!' असंही म्हणतात, लहान मुलं भांडताना तर फारच.

'आल्दो' लिहिलं की पुढे 'बट' का लिहायचा नाही?

कारण इंग्रजीत एका जोडीतला एकच दुवा लागतो, आपल्याला दोन्ही लागतात: जरी... तरी. 'आल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट' मधला 'बट' म्हणजे आपला 'तरी', सवयीने डोकावलेला. इटालियनमध्येही सहसा एकच दुवा: 'बेन्के सीया स्तान्को, लाव्होरो', दमलो असलो तरी काम करतो. 'बेन्के' आणि 'सेब्बेने'नंतर क्रियापद कोंजुन्तीव्हो नावाच्या वेगळ्या रूपात जातं ('सोनो' नव्हे, 'सीया'), 'आंके से'नंतर साध्या रूपात राहतं. घाईत असाल तर 'आंके से' वापरा, चूक व्हायची भीती कमी.

सगळ्यात सोपा मार्ग तिसराच आहे. 'पुर एस्सेन्दो स्तान्को': दमलेला असूनही. 'एस्सेन्दो' म्हणजे असून, 'पुर' म्हणजे ही. 'पुर सापेन्दो', माहीत असूनही. फक्त कर्ता दोन्हीकडे एकच हवा. 'पाऊस असूनही आम्ही गेलो' मराठीत चालतं, इटालियनमध्ये तिथे 'नोनोस्तान्ते ला प्योज्जा' म्हणा.

इंग्रजीसाठी एवढंच: 'डिस्पाइट'नंतर 'ऑफ' नाही, 'इन स्पाइट'नंतर आहे.

'ऑन द कॉन्ट्ररी' आणि 'ऑन द अदर हँड' एकच ना?

नाही, आणि निबंधातली ही फार महागात पडणारी चूक आहे. 'ऑन द कॉन्ट्ररी' आधीचं विधान फेटाळतो: उलट. 'ऑन द अदर हँड' आधीचं तसंच ठेवून दुसरी बाजू मांडतो: दुसरीकडे. इटालियनमध्ये 'आल कोन्त्रारियो' आणि 'दाल्त्रा पार्ते'. एकीकडे-दुसरीकडे अशी जोडीच हवी असेल तर 'दा ऊना पार्ते... दाल्लाल्त्रा'. मराठीत आधी म्हणून बघा, मग भाषांतर करा.

विरुद्धार्थी शब्द करायला कुठला उपसर्ग लावायचा?

इंग्रजीत अन, इन, डिस, नॉन यांची खिचडी आहे, कुठे काय लागेल हे बरंचसं पाठच करावं लागतं. इटालियनमध्ये 'इन' आणि 'दिस' आहेतच, पण खरा चमत्कार नुसत्या 'स'चा. 'फोर्तुनातो' नशीबवान, 'स्फोर्तुनातो' कमनशिबी. 'मोन्तारे' जोडणे, 'झ्मोन्तारे' सुटं करणे. 'कोन्सिल्यारे' सल्ला देणे, 'स्कोन्सिल्यारे' नको म्हणून सांगणे. 'कारिको' भरलेला, 'स्कारिको' रिकामा. फोनची बॅटरी उतरली की तो 'स्कारिको'. पुढे घोष व्यंजन आलं की हा स 'झाड'मधल्या झसारखा होतो, म्हणून वर 'झ्मोन्तारे' लिहिलं.

दिसेल तिथे लावू नका मात्र. 'पार्लारे' बोलणे, पण 'स्पार्लारे' म्हणजे गप्प बसणे नव्हे, कोणाच्या पाठीमागे वाईट बोलणे. 'झ्कोन्व्हेनिएन्ते' असं कोणी लिहिलं तर खोडा, क घोष नाही, तो 'स्कोन्व्हेनिएन्ते'; आणि त्याचा अर्थ गैरसोयीचा नसून अशोभनीय असा आहे.

उपसर्गाची कटकट नको असेल तर 'पोको' लावा, म्हणजे थोडा. 'पोको क्यारो', फारसं स्पष्ट नाही. उथळ पाण्यालाही ते 'पोको प्रोफोन्दो' म्हणतात, कमी खोल.

इंग्रजीच्या नेमके उलटे पडणारे इटालियन शब्द कोणते?

नळापासून सुरुवात करा. इटलीतल्या जुन्या नळांवर सी आणि एफ अशी अक्षरं असतात. सी म्हणजे 'काल्दो', गरम. एफ म्हणजे 'फ्रेद्दो', गार. 'सी फॉर कोल्ड' समजून हात घातला तर पोळतो. माझा पोळलाय, फ्लोरेन्सच्या एका हॉस्टेलमध्ये, सकाळी सहाला.

मग बसचं वेळापत्रक. 'फेरियाले' असं लिहिलेल्या रांगेतल्या बस कामाच्या दिवशी सुटतात, आणि 'फेरिये' म्हणजे सुट्ट्या! लॅटिनमध्ये 'फेरिया' म्हणजे सणाचा दिवस. चर्चच्या पंचांगात आठवड्याच्या वारांना तेच नाव पडलं आणि अर्थ फिरला. रविवारी आणि सणाला बघायची रांग 'फेस्तीव्हो'.

इंग्रजी 'इनहॅबिटेड' म्हणजे वस्ती असलेलं, इटालियन 'इनाबितातो' म्हणजे ओसाड. 'इन्फ्याम्माबिले' म्हणजे पेट घेणारं. इंग्रजीत 'इन्फ्लेमेबल'चा अर्थ लोक 'न पेटणारं' असा लावतील या धास्तीने विसाव्या शतकात टाक्यांवर 'फ्लेमेबल' लिहायला लागले.

एकाच शब्दाचे दोन विरुद्ध अर्थ असं खरंच असतं?

'ओस्पिते' म्हणजे यजमान. आणि पाहुणाही. कोण कोणाचा, ते वाक्यावरून ओळखायचं. 'स्पोल्व्हेरारे' म्हणजे धूळ झटकणे, आणि केकवर पिठीसाखर भुरभुरवणे. इंग्रजी 'डस्ट'चीही हीच दोन कामं. 'आफ्फित्तारे' म्हणजे भाड्याने घेणे किंवा देणे, इंग्रजी 'रेंट'सारखंच. इंग्रजीत 'सँक्शन' म्हणजे मंजुरी आणि निर्बंधही, 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख आणि नजरचूकही.

हसू नका. आपण नारळ फोडतो आणि 'वाढवला' म्हणतो, निघताना 'येते' म्हणतो, आणि 'परवा' कुठल्या बाजूचा हे क्रियापद येईपर्यंत कळू देत नाही.

दोन विरुद्ध शब्द जोडून एक शब्द होतो का?

द्वंद्व समासाची सवय असलेल्यांना इटालियन इथे फार आवडेल. 'आग्रोदोल्चे' म्हणजे आंबटगोड, अगदी त्याच क्रमाने. 'क्यारोस्कूरो' म्हणजे उजेड-अंधार. चित्रकलेतला हा शब्द इंग्रजीने भाषांतर न करता तसाच घेतला. 'दोर्मिव्हेल्या' म्हणजे झोप-जाग, पहाटे अलार्म बंद केल्यानंतरची ती अवस्था. 'तीरा ए मोल्ला', ओढ आणि सोड: होय-नाही करत रखडलेलं लग्न किंवा वाटाघाट. आणि पियानो! फ्लोरेन्समध्ये १७०० च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने घडवलेल्या वाद्याचं वर्णन 'पियानो ए फोर्ते', हळू आणि मोठ्याने वाजणारं, असं होतं. त्याचं 'पियानोफोर्ते' झालं, आणि पुढे जगाने 'मोठ्याने' गाळून 'हळू' तेवढं ठेवलं.

होकार आणि नकार मिळून 'नी' असा शब्दही इटालियन लोक वापरतात. 'सी' नाही, 'नो' नाही, नी. आपलं हो-नाही.

समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल तर कसं बोलायचं?

इंग्रजीत, विशेषतः ब्रिटिशांशी, वळसा घ्या. 'आय सी युअर पॉइंट' म्हटल्यावर पुढे 'बट' येणार हे सगळ्यांना माहीत असतं. इटलीत ओळखीच्या माणसांत 'मा नो!' हे मैत्रीचं असतं, भांडणाचं नव्हे. 'स्तान्को?' 'माक्के!' दमलास? छे, कसचं दमतोय! कौतुक परतवायला 'मा फिगूराती', अहो, कसलं काय. औपचारिक ठिकाणी 'व्हेरामेन्ते' किंवा 'इन रेआल्ता' ने सुरुवात करा, म्हणजे 'खरं तर'. 'अॅक्च्युअली'साठी 'आत्तुआल्मेन्ते' वापरू नका, त्याचा अर्थ 'सध्या'.

दक्षिणेत गेलात, सिसिलीला वगैरे, तर शब्दाचीही गरज पडणार नाही. दुकानदाराला विचारा, अमुक आहे का? तो हनुवटी वर उचलून डोकं किंचित मागे टाकेल आणि जिभेने आवाज काढेल. बरोबरच्या मिलानी माणसाला कदाचित समजावून सांगावं लागेल. तुम्हाला नाही. तो आपलाच 'च्यक्' आहे.